विजेवर धावणारी फळी

(एक साधी फळी, चार चाके, एक मोटर आणि एक बॅटरी. एवढ्या सामानातून विजेवर धावणारा स्केटबोर्ड कसा तयार होतो, त्यामागे कोणता हिशेब असतो आणि कोणती खबरदारी घ्यावी लागते, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात भातसानगर नावाची वसाहत आहे. भातसा नदीवरील धरणामुळे ती वसली. धरण सुमारे ८८ मीटर उंच आहे. त्याच्या पायथ्याशी १५ मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे. धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातून पिसे येथे जाते, तेथे ते उचलले जाते, पांजरापूरला शुद्ध होते आणि मुंबईच्या नळांना येते. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मे पाणी या एका धरणाचे असते.

तुम्ही म्हणाल, पाठ फळीचा आणि गोष्ट धरणाची, हे कसे? थोडे थांबा. आज आपण जी फळी तयार करणार आहोत, तिच्या पोटात एक लहानसे धरणच असते. ज्याला भातसा धरण समजले, त्याला ही फळी समजायला वेळ लागणार नाही.

आधी साधा स्केटबोर्ड पाहू. अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथे समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन खेळणारी मुले होती. लाटा नसल्या की त्यांना करमत नसे. १९५० च्या दशकात त्यांनी फळीला चाके लावली आणि ती रस्त्यावर खेळू लागली. सुरुवातीची चाके लोखंडाची किंवा भाजलेल्या मातीची असत. लहानसा खडा आडवा आला की चाक अडे आणि मुलगा पुढे फेकला जाई. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पॉलियुरेथेन या रबरासारख्या पदार्थाची चाके आली. ती खड्यावरून सहज जात आणि जमीन घट्ट पकडत. तेव्हापासून हा खेळ जगभर पसरला.

आता आपली फळी. बाजारातील चांगल्या फळ्या मेपल या लाकडाचे सात पातळ थर चिकटवून, दाबाखाली बनवतात. आपल्याकडे मेपल नाही. पण चांगल्या प्रतीच्या प्लायवूडनेही काम होते. प्लायवूडच्या प्रत्येक थराचे तंतू आडवे-उभे असतात, म्हणून ते एका रेषेत फाटत नाही. एकसंध सागाची फळी दिसायला सुंदर असते, परंतु ती तंतूंच्या बाजूने चिरते. म्हणून मोह टाळावा. फळी सुमारे ९० ते १०० सेंटिमीटर लांब घ्यावी. तिची दोन्ही टोके विटांवर ठेवून मध्ये तुमच्यापेक्षा वजनदार माणसाला उभे करावे. फळी थोडी वाकली आणि पुन्हा सरळ झाली, तर ती पास! कडकड असा आवाज आला, तर ती फळी चुलीसाठी ठेवावी.

फळीच्या खाली पुढे आणि मागे एकेक आस असलेला धातूचा सांगाडा बसवतात. त्याला 'ट्रक' म्हणतात. माल वाहणाऱ्या ट्रकशी त्याचा काही संबंध नाही. या सांगाड्यात जाड रबराची कडी असतात. तुम्ही डावीकडे झुकलात की रबर दबते, आस किंचित फिरते आणि फळी डावीकडे वळते. तिला हँडल नाही. तुमचे शरीर हेच हँडल. चाकात ६०८ क्रमांकाचे बेअरिंग बसते. त्याचे भोक ८ मिलिमीटर आणि बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर असतो.

मोटर लावण्याची घाई करू नका. येथे मला फलटणची आठवण होते. सातारा जिल्ह्यातील फलटण येथे निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. तेथे डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास विजेवर चालणारी सायकलरिक्षा तयार केली. तिचे नाव 'इलेक्शा'. या लोकांनी केवळ जुन्या रिक्षाला मोटर बांधली नाही. त्यांनी साध्या रिक्षाचाही विचार केला. तिची रचना सुधारली, तिला गिअर दिले, ब्रेक चांगले केले. कारण जी गाडी माणसाच्या पायांना जड जाते, ती बॅटरीलाही जडच जाते. डॉ. राजवंशी यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हा आपणही हाच धडा गिरवू. मोटर नसताना फळी एका धक्क्यात किती दूर जाते ते मोजा. ती लवकर थांबत असेल, तर दोष चाकात, बेअरिंगमध्ये किंवा वाकड्या आसात आहे. तो आधी काढा.

आता मोटर. तारेतून वीज वाहताना चुंबकाजवळ ठेवलेली तार फिरू शकते, हे १८२१ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी दाखवले. आजची प्रत्येक मोटर त्या प्रयोगाची लेक आहे. आपल्या फळीला जी मोटर लागते तिच्यात घासणारे कार्बनचे ब्रश नसतात. तिला तीन तारा असतात. या तीन तारांत आळीपाळीने वीज सोडावी लागते. हे काम 'कंट्रोलर' नावाची छोटी पाटी करते, तेही सेकंदाला हजारो वेळा. बेंजामिन वेडर नावाच्या स्वीडनमधील अभियंत्याने अशा एका कंट्रोलरची संपूर्ण रचना सर्वांसाठी मोफत खुली केली. त्यामुळे जगभरच्या हौशी मुलांना आपापली फळी तयार करणे सोपे झाले.

मोटरची गती चाकापर्यंत कशी न्यायची? तुमच्यापैकी काहींचे नातेवाईक भिवंडीत असतील. तेथे यंत्रमाग पाहिला आहे ना? मोटर एका बाजूला, माग दुसऱ्या बाजूला, आणि दोघांना जोडणारा पट्टा. आपल्या फळीतही तसेच. फरक एवढाच, की आपला पट्टा दातेरी असतो आणि म्हणून घसरत नाही. मोटरवर लहान दातेरी चक्री आणि चाकावर मोठी. लहान चक्रीने मोठी फिरवली की वेग कमी होतो आणि जोर वाढतो.

येथे वही-पेन्सिल घ्या. मोटरवर एक आकडा लिहिलेला असतो. एक व्होल्ट दिल्यावर ती मिनिटाला किती फेरे घेईल, हे तो आकडा सांगतो. समजा, दुकानदाराने तुम्हाला १७० आकड्याची मोटर दिली. बॅटरी ३६ व्होल्टची आहे. म्हणजे मोटर मिनिटाला १७० × ३६ = ६१२० फेरे घेईल. लहान चक्रीला १५ दाते आणि मोठीला ३६ दाते असतील, तर चाकाचा वेग २.४ पटीने कमी होईल. म्हणजे चाक २५५० फेरे घेईल. चाकाचा व्यास ९ सेंटिमीटर धरला, तर त्याचा परीघ सुमारे २८.३ सेंटिमीटर. एका मिनिटात फळी ७२१ मीटर जाईल. तासाला झाले ४३ किलोमीटर!

हे उत्तर पाहून तुमचे डोळे चमकले असतील. माझे चमकत नाहीत. ताशी ४३ किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे ७ मीटर उंचीवरून खाली पडणे. दुमजली घराच्या गच्चीची उंची साधारण एवढीच असते. गच्चीच्या कठड्यावर उभे राहून खाली उडी मारणारा मुलगा तुम्ही पाहिला आहे का? मग फळीवर तसे का करावे?

म्हणून दुकानदाराला सांगा, मोटर १०० आकड्याची द्या. हिशेब पुन्हा करा. उत्तर ताशी २५ किलोमीटरच्या आसपास येईल. अंगावर वजन आणि समोरून हवा असताना प्रत्यक्ष वेग याहून कमीच राहील. शिवाय कंट्रोलरमध्ये वेगाला आणखी लगाम घालता येतो. पहिले काही दिवस तो १५ वर बांधून ठेवावा. १५ च्या वेगाने पडणे म्हणजे साधारण टेबलावरून पडणे. लागते, पण शाळा बुडत नाही.

आता फळीच्या पोटातले धरण, म्हणजे बॅटरी. पूर्वी गाड्यांत शिशाच्या जड बॅटऱ्या असत. तेवढ्या शक्तीची शिशाची बॅटरी फळीखाली बांधली, तर फळी उचलायला दोघे लागतील. लिथियम-आयन घट १९९१ मध्ये प्रथम बाजारात आले. त्यामागील संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. असा एक घट बोटाएवढा असतो : १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. त्याचे विभवांतर सरासरी ३.६ व्होल्ट असते. असे दहा घट एकामागे एक जोडले की ३६ व्होल्ट होतात. अशा दोन रांगा शेजारी शेजारी जोडल्या, तर वीज दुप्पट वेळ पुरते.

धरणाशी तुलना करा. व्होल्ट म्हणजे पाण्याची उंची. विद्युतधारा म्हणजे पाईपातून वाहणारे पाणी. साठा म्हणजे जलाशय. कंट्रोलर म्हणजे झडप. हातातला रिमोट म्हणजे झडप फिरवणाऱ्या माणसाला मिळालेला हुकूम.

आपल्या वीस घटांच्या बॅटरीत सुमारे १८० वॉट-तास ऊर्जा मावते. सपाट रस्त्यावर एका किलोमीटरला साधारण १० ते १२ वॉट-तास लागतात. म्हणजे पंधरा किलोमीटरचा पल्ला झाला. चढ असेल तर तो घटेल. आता एक गंमत पाहा. ८० मीटर उंचीवरून १००० लिटर पाणी खाली आले आणि त्याने जनित्र फिरवले, तर थोडी ऊर्जा वाया जाऊनही जवळपास एवढीच वीज तयार होते. १००० लिटर म्हणजे २०० लिटरची पाच पिंपे. पाच पिंपे पाणी, आणि तुम्ही पंधरा किलोमीटर गेलात! जनित्र पाणी खात नाही, ते पाण्याची फक्त उंची घेते. तेच पाणी पुढे पिशाला जाते. ही पाच पिंपे शहापूर तालुक्यातील एखाद्या पाड्यावरच्या बाईला विचारा. भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणे याच तालुक्यात आहेत; तरी उन्हाळ्यात येथील अनेक पाडे टँकरची वाट पाहतात. तिला पाच पिंपांची किंमत आपल्यापेक्षा नीट ठाऊक असते.

धरण जसे उपकारक तसे धोक्याचे. बॅटरीचेही तसेच आहे. लिथियमचा घट जास्त भरला, त्याला खिळा लागला किंवा त्याच्या दोन टोकांना पत्र्याचा तुकडा एकदम भिडला, तर तो तापतो, फुगतो आणि पेट घेतो. एकाची उष्णता शेजारच्याला लागते आणि वीसही घट पेटतात. ही आग मूठभर वाळूने विझत नाही. तिला भरपूर पाण्याने थंड ठेवावे लागते, आणि तिच्या धुरापासून दूर पळावे लागते. म्हणून या एका बाबतीत मी तुम्हाला हौस करू देणार नाही. भंगारातल्या लॅपटॉपचे घट काढून, कथलाच्या डागाने जोडून बॅटरी बनवू नका. घटांचे रक्षण करणारी पाटी आत बसवलेली तयार बॅटरी विकत घ्या. ही पाटी प्रत्येक घटाकडे लक्ष ठेवते आणि काही बिघडले की वीज तोडते. बॅटरीला घट्ट पेटीत, फोमच्या गादीवर बसवा. घरी मोठी माणसे जागी असताना, त्यांच्या नजरेसमोर चार्ज करा. पलंगाखाली किंवा दाराच्या वाटेत कधीही नाही. भातसानगरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जून ते सप्टेंबर फळी घरातच राहू द्या.

सगळे जोडले. फळी धावू लागली. आता ती थांबणार कशी? माझ्या मते संपूर्ण पाठातला महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि बहुतेक मुले तो शेवटी विचारतात.

या फळीला सायकलसारखे रबरी ब्रेक नसतात. मोटरच ब्रेकचे काम करते. मोटरला वीज दिली की ती चाक फिरवते. उलट चाकाने मोटर फिरवली की ती जनित्र बनते. वीज तयार करते आणि चाकाला अडवते. तयार झालेली वीज बॅटरीत परत जाते. ही युक्ती आपल्या तालुक्याला नवी नाही. कसारा घाटात रेल्वेचा चढ ३७ मीटरला १ मीटर इतका उभा आहे. जवळपास शंभर वर्षांपूर्वी, १९२८ पासून, या मार्गासाठी विजेवर चालणारी लांब नाकाची इंजिने आली. लोक त्यांना 'मगर' म्हणत. गाडी घाट उतरताना ती मोटरच्याच साहाय्याने वेग रोखत आणि वीज वरच्या तारेत परत पाठवत. खाली उतरणारी गाडी अशा रीतीने वर चढणाऱ्या गाडीला मदत करी. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात असे एक इंजिन पाहायला मिळते. सहल गेली तर जरूर पाहा.

परंतु 'मगरी'च्या डोक्यावर तार होती. ती वीज घ्यायला दुसरी गाडी होती. तुमच्या फळीला फक्त तिची बॅटरी आहे. समजा, तुमचे घर उंचावर आहे. रात्री तुम्ही बॅटरी काठोकाठ भरली. सकाळी घरातून निघालात. दारापासूनच उतार. तुम्ही ब्रेक दाबला. मोटरने वीज तयार केली. ती बॅटरीकडे गेली. बॅटरीत जागा नाही! रक्षण करणाऱ्या पाटीने आपले कर्तव्य केले, घट वाचवण्यासाठी तिने वीज तोडली. त्याच क्षणी ब्रेकही गेला. बॅटरी वाचली, तुम्ही उतारावर आहात.

पावसाळ्यात भातसा धरण भरत आले की काय करतात? धरणाचे दरवाजे उघडतात. 'दरवाजा' हा शब्द तुमच्या घरातही आहे आणि धरणावरही. भरलेल्या धरणाला दरवाजे असतात. भरलेल्या बॅटरीला दरवाजे नसतात. म्हणून उतारावर राहणाऱ्या मुलाने बॅटरी पूर्ण ४२ व्होल्टपर्यंत न भरता ४० व्होल्टला थांबवावी. थोडी जागा मोकळी राहिली, की ब्रेक जिवंत राहतो. पल्ला दोन-तीन किलोमीटरने कमी होईल. होऊ द्या.

आणि रिमोटवर कधीही पूर्ण भरवसा ठेवू नका. त्याचा संदेश हवेतून येतो, तो मध्येच तुटू शकतो. संदेश तुटला की मोटर बंद होऊन फळी आपोआप हळूहळू थांबेल, अशी सोय कंट्रोलरमध्ये आधी करून घ्या. चाके हवेत उचलून, रिमोट बंद करून ती तपासा. त्याशिवाय पाय घासून थांबायला शिकलेच पाहिजे. हे शिकण्यासाठी मोटरची गरज नाही. म्हणूनच मी सुरुवातीला म्हटले होते, मोटर लावण्याची घाई करू नका.

पहिल्या दिवशी सकाळी लवकर सपाट, मोकळे मैदान किंवा वसाहतीतील शांत रस्ता निवडा. धरणाच्या भिंतीवर किंवा मुंबई-नाशिक महामार्गावर पाऊल टाकायचे नाही. डोक्याला हेल्मेट, कोपर, गुडघे आणि मनगटांना पट्टे. बरोबर एक मोठा माणूस. फळीवर मागचा पाय आडवा, पुढचा किंचित तिरपा, गुडघे वाकलेले. रिमोटची खुंटी केसभर पुढे सरकवा. फळी निघेल. तिला पन्नास पावले जाऊ द्या आणि लगेच ब्रेक लावून पाहा. थांबली? आता उतरा, फळी उलटी करा आणि एकेक नट हाताने तपासा. एखादा सैल झालेला सापडेलच.

शब्दार्थ
वसाहत – वस्ती, कॉलनी
विभवांतर – विजेचा दाब (व्होल्टमध्ये मोजतात)
घट – सेल
जनित्र – वीज तयार करणारे यंत्र
आस – ज्याभोवती चाक फिरते तो दांडा
पल्ला – अंतर
काठोकाठ – अगदी वरपर्यंत
कथील – तारा जोडण्यासाठी वितळवतात तो धातू
पाडा – लहान वस्ती

स्वाध्याय
१. सागाच्या एकसंध फळीऐवजी प्लायवूड का घ्यावे?
२. फलटणच्या संशोधकांनी मोटर लावण्यापूर्वी रिक्षात कोणत्या सुधारणा केल्या?
३. 'बॅटरी वाचली, तुम्ही उतारावर आहात.' असे का घडले, ते आपल्या शब्दांत लिहा.
४. मोटरचा आकडा १०० असताना फळीचा वेग किती होईल, ते वहीत करून दाखवा. चाकाचा व्यास ८ सेंटिमीटर केला तर काय फरक पडेल?
५. भातसा येथील १५ मेगावॉटचे केंद्र एक तास पूर्ण क्षमतेने चालले, तर १८० वॉट-तासांच्या किती बॅटऱ्या भरतील?
६. वजन, जमीन, हवा, हिशेब, खबरदारी, हुकूम, दरवाजा हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा. त्यांचा मराठीतील उच्चार आणि उर्दूतील उच्चार वर्गात वाचून दाखवा.
७. वाक्यात उपयोग करा : डोळे चमकणे, धडा गिरवणे, लगाम घालणे, भरवसा ठेवणे.